चित्राशेजारचा माणूस

वर्गातल्या मुलांना बाकावरून न उठवता परदेश दाखवून आणण्याचा उद्योग शंभर वर्षांहून जुना आहे. आज त्याला व्हर्च्युअल टूर म्हणतात, किंवा जरा शिस्तीत बोलायचे तर आभासी क्षेत्रभेट. करोनाच्या काळात खऱ्या सहली बंद पडल्या, तेव्हा हे शब्द पालकांच्याही तोंडी बसले आणि ही चीज इंटरनेटबरोबर आली असा अनेकांचा समज झाला. तसे नाही. दर काही वर्षांनी या उद्योगात एखादे नवे यंत्र येते आणि विक्रेता पुन्हा तेच सांगतो: आता चित्र पाहायचे नाही, आता तुम्ही तिथेच आहात. त्यामुळे या उद्योगाचा इतिहासही यंत्रांच्या वंशावळीसारखा लिहिला जातो, भिंगापासून उपग्रहापर्यंत. मला ती मांडणी अपुरी वाटते. यंत्रे जेवढी बदलली, तेवढी सहलीची घडण बदललेली नाही. दूरच्या लोकांविषयी मुले काय शिकली, हे चित्र किती हुबेहूब होते यावर फारसे अवलंबून नव्हते. चित्राशेजारी उभा राहून बोलणारा माणूस कोण होता आणि चित्रातल्या माणसाला त्याचे बोलणे खोडून काढता येत होते का, यावर ते ठरले. याचे पुरावे भरपूर आहेत, आणि त्यांतले काही थेट आपल्या अंगणातले आहेत.

दोन डोळ्यांना एकच वस्तू किंचित वेगळी दिसते आणि त्या फरकातून मेंदू खोली उभी करतो, हे चार्ल्स व्हीटस्टन यांनी १८३८ मध्ये दाखवून दिले. डेव्हिड ब्रूस्टर यांनी १८४९ मध्ये त्यावरून भिंगांचे सुटसुटीत उपकरण केले आणि १८५१ च्या लंडनच्या महाप्रदर्शनात त्याचा बोलबाला झाला. पुढे अमेरिकेतले डॉक्टर आणि लेखक ऑलिव्हर वेंडेल होम्स यांनी १८६१ मध्ये हातात धरायचा स्वस्त नमुना काढला. त्याचे पेटंट त्यांनी घेतले नाही, म्हणून तो घरोघर पोचला. स्टिरिओस्कोप ही वस्तू दिसायला अगदी साधी. खाली मूठ, वर एक दांडी, दांडीच्या एका टोकाला दोन भिंगे आणि कपाळाला टेकणारा छज्जा, तर दांडीवर पुढेमागे सरकणारी आडवी पट्टी. पट्टीत सात इंच रुंदीचा पुठ्ठा खोवायचा; त्यावर एकाच दृश्याचे दोन फोटो शेजारी शेजारी चिकटवलेले. पट्टी सरकवत नेमक्या जागी आणली की दोन्ही फोटो एकमेकांत मिसळतात आणि सपाट कागदातून खांब, पायऱ्या, माणसे पुढे येतात. छज्ज्यामुळे आजूबाजूची खोली दिसेनाशी होते. घरातले टेबल नाही, खिडकी नाही, शेजारचा भाऊ नाही. समोर फक्त कैरो किंवा काशी. या उपकरणाची जादू भिंगांइतकीच त्या छज्ज्यात होती, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे.

या उपकरणाची सहल बनवली ती अंडरवुड अँड अंडरवुड या कंपनीने. १८८० च्या दशकाच्या सुरुवातीला कॅन्सस राज्यातल्या ऑटावा या गावी दोन भावांनी ती सुरू केली. कॉलेजचे विद्यार्थी उन्हाळ्याच्या सुट्टीत दारोदार फिरून तिचे पुठ्ठे विकत. सुटे पुठ्ठे विकण्यापेक्षा अख्खा देश पेटीत घालून विकावा, ही तिची खरी युक्ती. पेटीत क्रमवार पुठ्ठे, एक मार्गदर्शक पुस्तक आणि पेटंट घेतलेले नकाशे असत. नकाशावर छायाचित्रकार जिथे उभा होता तिथे आकडा, आणि त्या बिंदूपासून फाकत जाणाऱ्या दोन लाल रेघा: एवढ्या कोनात तुम्ही आता पाहत आहात. पुस्तक वाचकाला थेट संबोधून सांगे की आता तुम्ही अमुक जागी उभे आहात, तोंड ईशान्येला आहे, डावीकडे पाहा. भारताची अशी शंभर दृश्यांची सहल १९०७ मध्ये आली. तिचे कर्ते जेम्स रिकल्टन न्यू जर्सीतल्या मेपलवुडचे शाळामास्तर होते. विजेच्या दिव्याच्या तंतूसाठी योग्य बांबू शोधायला एडिसन यांनी त्यांना आशियात पाठवले होते. पुढे मास्तरकी सोडून ते जगभर कॅमेरा घेऊन हिंडले. मास्तर म्हणून त्यांना शिकवण्याची हातोटी होती आणि प्रवासी म्हणून कष्टांची तयारी होती, यात शंका नाही. पण शंभर दृश्यांत जे शेकडो हिंदी चेहरे आले, त्यांच्या वतीने बोलायचे काम या एका मास्तरांनी केले. त्या लाल रेघांनी जे कोनाबाहेर ठेवले, ते त्या घरातल्या मुलांसाठी अस्तित्वातच नव्हते.

कंपनीचा दावा याहून मोठा होता. अल्बर्ट ऑस्बोर्न यांनी १९०९ मध्ये तिच्यासाठी लिहिलेल्या पुस्तकात असा युक्तिवाद आहे की स्टिरिओस्कोपमधून पाहणाऱ्याला त्या जागी असल्याचाच अनुभव येतो, आणि शिक्षणाच्या दृष्टीने महत्त्व त्या अनुभवाला आहे, प्रत्यक्ष जाण्याला नाही. शाळांनी हे मानले. पेन्सिल्व्हेनियातल्या कीस्टोन कंपनीने शिक्षणासाठी स्वतंत्र विभाग काढला आणि सहाशे चित्रांचा संच शाळांना विकला. प्रत्येक पुठ्ठ्याच्या पाठीवर मजकूर छापलेला, आणि शिक्षकांसाठी जाडजूड सूची, जिच्यात एकच चित्र भूगोल, उद्योगधंदे, वेशभूषा अशा निरनिराळ्या मथळ्यांखाली सापडे. कोणत्याही चित्रावर कोणताही धडा टांगता येतो, हे त्या सूचीने नकळत कबूल केले. चित्रात दळण दळणारी बाई तीच. एका मथळ्याखाली ती अन्नप्रक्रिया, दुसऱ्याखाली मागासलेपणा. तिला विचारायची सोय नव्हती.

इथवरची गोष्ट धंद्याची होती. ब्रिटिश सरकारने तोच खेळ राज्यकारभाराच्या पातळीवर नेला, आणि माझ्या म्हणण्याचा सर्वांत ठळक पुरावा तिथे मिळतो. १९०२ मध्ये शिक्षणतज्ज्ञ मायकेल सॅडलर यांनी सुचवल्यावरून वसाहत खात्याने एक दृश्यशिक्षण समिती नेमली. मॅजिक लँटर्नच्या, म्हणजे काचेवरचे चित्र पडद्यावर टाकणाऱ्या दिव्याच्या, काचा आणि सोबत वाचायची छापील व्याख्याने, असा तिचा कार्यक्रम: वसाहतींतल्या मुलांना इंग्लंड दाखवायचे आणि इंग्लंडातल्या मुलांना वसाहती. व्याख्याने लिहायचे काम हॅलफर्ड मॅकिंडर यांच्याकडे आले. हृदयभूमीचा सिद्धांत मांडणारे, राज्यशास्त्राच्या परीक्षेत ज्यांच्यावर हमखास टीप येते, तेच हे मॅकिंडर. चित्रे आणण्यासाठी ह्यू फिशर नावाच्या चित्रकाराला १९०७ मध्ये दौऱ्यावर पाठवले. १९१० पर्यंत तो साम्राज्यभर फिरला. काय टिपायचे याच्या सूचना त्याला आधीच मिळाल्या होत्या. एक, त्या देशाचे आणि लोकांचे मूळचे वैशिष्ट्य. दोन, इंग्रजी राज्यामुळे त्यात पडलेली भर. या दोन कप्प्यांत न बसणारी एक मोठी गोष्ट त्या काळच्या हिंदुस्थानात होती: मूळचे लोक इंग्रजी राज्याबद्दल काय म्हणत होते. तिच्यासाठी तिसरा कप्पा नव्हता.

भारतावरची आठ व्याख्याने १९१० मध्ये पुस्तकरूपाने निघाली. नुसती अनुक्रमणिका वाचली तरी पुरे. मद्रासला जोडलेला विषय हिंदू धर्म, ब्रह्मदेशाला बौद्ध धर्म, बंगालला मोसमी पाऊस, संयुक्त प्रांताला १८५७ चे बंड, राजपुतान्याला मांडलिक संस्थाने, दिल्लीला इस्लाम, वायव्य सरहद्दीला शीख. पाचवे व्याख्यान मुंबईचे, आणि त्याला जोडलेला विषय मराठे. सहलीची आखणी म्हणून यात हुशारी आहे. आठ संध्याकाळींत मुलांच्या डोक्यात उपखंड बसवायचा तर असे काहीतरी करावेच लागते. पण परिणाम पाहा. प्रत्येक प्रदेशाला एकेक बिल्ला मिळाला आणि मुंबईच्या वाट्याला आलेला बिल्ला ९० वर्षांपूर्वी बुडालेल्या सत्तेचा होता. ज्या मुंबईत जुलै १९०८ मध्ये टिळकांना सहा वर्षांची शिक्षा झाली आणि गिरणी कामगारांनी सहा दिवस काम बंद ठेवून तिला उत्तर दिले, त्या मुंबईची ओळख लंडनच्या मुलाने इतिहासजमा झालेल्या सत्तेच्या नावाने करून घ्यायची होती. बंगालची गंमत तर याहून वरची. फाळणीविरुद्धच्या आंदोलनाने प्रांत पेटलेला असताना त्या प्रांताचा विषय पाऊस!

यावर कोणी म्हणेल, दुसरी बाजू सांगणारे साधन तरी त्या काळी कुठे होते? होते. संयुक्त प्रांताचे आणि बंडाचे व्याख्यान तयार होत होते, त्याच सुमारास १९०७ मध्ये विष्णुभट गोडसे यांचे 'माझा प्रवास' मराठीत छापून आले. पेणजवळच्या वरसईचा हा भिक्षुक दक्षिणा मिळवायला उत्तरेत गेला, १८५७ च्या धामधुमीत सापडला आणि इंग्रज फौजेने झाशी घेतली तेव्हा शहराच्या आत होता. दूरच्या मुलुखाची इतकी जिवंत सहल मराठीत तोवर क्वचितच कोणी घडवली असेल. लंडनच्या वर्गात काचेशेजारी मॅकिंडरांचे छापील व्याख्यान, पुण्या-मुंबईच्या वाचकाजवळ गोडसे भटजी: तेच बंड, आणि तरी दोन वाचक जणू दोन वेगळ्या देशांत जाऊन आले. दोघांची गाठ कधी पडली नाही, पडण्याची सोयच नव्हती.

समितीच्या कामाची दुसरी बाजू तितकीच बोलकी आहे. हिंदुस्थानातल्या विद्यार्थ्यांसाठी युनायटेड किंग्डमवर सात व्याख्याने निघाली, १९०९ च्या सुमाराला, आणि त्यांचेही लेखक मॅकिंडरच. म्हणजे लंडनच्या मुलाला मुंबई सांगणारा आणि मुंबईच्या मुलाला लंडन सांगणारा माणूस एकच. हिंदी मुलाने लंडन आपल्या नजरेने पाहून इंग्रज मुलाला सांगावे, ही कल्पना समितीच्या कागदात बसणारी नव्हती. मात्र खऱ्या आयुष्यात हिंदी लोक लंडनला जातच होते आणि लिहीतही होते. दुतर्फा वाहतुकीचा देखावा आणि आत एकतर्फी बोलणे, ही रचना इथे इतकी उघडी आहे की पुढच्या शंभर वर्षांच्या यंत्रांना मी हीच पट्टी लावून पाहतो.

यंत्राचा यात दोष नव्हता, याची साक्ष कल्याणने दिली आहे. महादेव गोपाळ पटवर्धन यांनी १८९२ च्या सुमारास 'शांबरिक खरोलिका' या नावाने मॅजिक लँटर्नचे खेळ सुरू केले. काचांवर हाताने रंगवलेली पात्रे, एकामागून एक काच भराभर सरकवून निर्माण केलेली हालचाल, सोबत निवेदन आणि गाणी, आणि विषय रामायण-महाभारतातले. भारतीय चित्रपटाच्या पूर्वइतिहासात या खेळांना मान आहे तो हालचालीसाठी. मला त्यातली दुसरी गोष्ट महत्त्वाची वाटते. पटवर्धनांचे प्रेक्षक कथा जाणून होते. निवेदकाने सीताहरणाचा क्रम चुकवला असता, तर पुढच्या रांगेतल्या आजीने तिथल्या तिथे त्याला अडवले असते. समितीच्या आणि पटवर्धनांच्या दिव्याची जात एकच. फरक चूक पकडू शकणारा प्रेक्षक समोर आहे की नाही, एवढाच. दूरच्या संस्कृतीच्या सहलीत असा प्रेक्षक मुळातच नसतो, कारण पाहणाऱ्याला ते ठाऊक नाही म्हणूनच तर सहल. चूक पकडणारा माणूस पलीकडच्या टोकाला असतो. त्याला वर्गात आणल्याशिवाय ती जागा भरत नाही.

यावरचा पहिला आक्षेप वजनदार आहे. कॅन्ससमधल्या शेतकऱ्याच्या पोराने काशीचा घाट कधी पाहिला असता? एकतर्फी का होईना, काहीतरी दिसले. काहीच न दिसण्यापेक्षा ते बरे नव्हे काय? बरेच, आणि मी ते नाकारत नाही. सेंट लुई शहरात १९०४ च्या जागतिक प्रदर्शनातल्या वस्तू गोळा करून पुढच्या वर्षी शाळांसाठी संग्रहालय उघडले गेले. घोडागाडीतून पेट्या शाळाशाळांत जात, आणि ज्या मुलांनी कधी समुद्र पाहिला नव्हता त्यांच्या हातात दूरच्या बेटांवरची टोपली येई. या आनंदाला कमी लेखायचे कारण नाही. पण अज्ञान आणि चुकीची खात्री यांत फरक आहे. ज्याला काही ठाऊक नाही तो निदान विचारतो. ज्याने छज्ज्यात डोळे घालून 'स्वतः तिथे उभा राहून' पाहिले आहे, तो का विचारील? चित्र जितके हुबेहूब, तितका शेजारच्या मजकुरावरचा विश्वास पक्का. खोलीचा भास फोटोला असतो आणि त्याची पत मजकुराला मिळते. म्हणून हे माध्यम सुधारत गेले तसतशी त्याची जोखीम वाढत गेली, कमी झाली नाही.

मग इतकी वर्षे पलीकडच्या माणसाला बोलावले का नाही? साम्राज्याचा अहंकार हे अर्धे उत्तर. उरलेले अर्धे हिशेबाचे आहे. पुठ्ठा एकदा काढला की लाख वेळा छापता येतो, काच पुन्हा पुन्हा विकता येते. जिवंत माणूस छापता येत नाही. त्याला दर वेळी वेळ द्यावा लागतो, मोबदला द्यावा लागतो, आणि तो दर वेळी तेच बोलेल याची हमी नसते. रेडिओ आणि चित्रपट आले तरी हा हिशेब बदलला नाही. आपल्याकडचा १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ या वर्षातला 'साइट' हा प्रयोग घ्या. नासाच्या उपग्रहावरून सहा राज्यांतल्या सुमारे २४०० खेड्यांत दूरचित्रवाणी पोचली, सकाळी शाळकरी मुलांसाठी आणि संध्याकाळी मोठ्यांसाठी. महाराष्ट्र त्या सहांत नव्हता. तंत्र म्हणून ती मोठी झेप होती आणि तिच्यामागची तळमळ खरी होती. मात्र उपग्रहाकडून खेड्याकडे येणारी वाट रुंद आणि खेड्याकडून परत जाणारी वाट नाही, ही घडण समितीच्या काचांसारखीच राहिली.

ही वाट पहिल्यांदा दुतर्फा झाली ती समुद्राच्या तळाशी. रॉबर्ट बॅलार्ड यांनी १९८५ मध्ये टायटॅनिकचे अवशेष शोधल्यावर त्यांच्याकडे हजारो शाळकरी मुलांची पत्रे आली. त्यातून १९८९ मध्ये 'जेसन' प्रकल्प उभा राहिला: भूमध्य समुद्रात यंत्रमानव बुडी मारतो आहे, अमेरिका-कॅनडातल्या संग्रहालयांत बसलेली मुले त्याच क्षणी ते पाहत आहेत आणि जहाजावरच्या शास्त्रज्ञांना प्रश्न विचारत आहेत. मुलाच्या प्रश्नाने उत्तर देणाऱ्याला अडखळायला लावणे, हे या उद्योगात तोवर शक्य नव्हते. समुद्रतळाला मात्र स्वतःचे मत नसते. दूरच्या माणसांच्या बाबतीत हीच सोय कोण कशी वापरील, हा प्रश्न बाकी राहिला.

गूगलने २०१५ मध्ये जाहीर केलेल्या 'एक्स्पिडिशन्स'ने त्याचे उत्तर दिले, आणि ते उत्तर मागे जाणारे होते. पुठ्ठ्याची घडी घालून केलेला चष्मा, त्यात दोन भिंगे, त्यामागे फोनवर दोन चित्रे: होम्स साहेबांनी पाहताक्षणी ओळखला असता. शिक्षकाच्या हातात टॅबलेट. त्यावर त्याला वर्गातला कोणता मुलगा कुठे पाहतो आहे ते दिसे; त्याने एखाद्या जागेवर बोट ठेवले की मुलांच्या चित्रात बाण उमटे, इकडे पाहा. बाजूला वाचून दाखवायचा मजकूर आणि सोपे-अवघड अशा पायऱ्यांचे तयार प्रश्न. अंडरवुडच्या लाल रेघा आणि रिकल्टन मास्तरांचे पुस्तक एका पडद्यावर आले होते, आणि पाहणाऱ्याची नजर कुठे आहे याची टेहळणी ही वरची भर. चित्रात बाजारातला माणूस सर्व बाजूंनी दिसे. त्याला आवाज नव्हता. ३० जून २०२१ रोजी हे अॅप बंद झाले. ते चालू राहिले असते तरी या दोषाचे काय होणार होते, ते दिसतच होते.

या सगळ्या काळात वेगळ्या घडणीची सहल साध्या व्हिडिओ कॉलवर चालू होती, आणि तिचे एक नाव महाराष्ट्राला पाठ आहे. सोलापूर जिल्ह्यातल्या माढा तालुक्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेचे शिक्षक रणजितसिंह डिसले यांना डिसेंबर २०२० मध्ये जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला. बातम्यांत गाजले ते पाठ्यपुस्तकातले क्यूआर कोड, आणि त्याहून जास्त त्यांनी बक्षिसाची निम्मी रक्कम इतर नऊ स्पर्धकांत वाटून टाकली ते. पण पुरस्कार देणाऱ्यांनी आवर्जून नोंदवलेली आणखी एक गोष्ट म्हणजे घरातल्या छोट्या प्रयोगशाळेतून ते ऐंशीहून अधिक देशांतल्या वर्गांना घडवत असलेली आभासी सहल. भारत-पाकिस्तान, इस्रायल-पॅलेस्टाईन अशा एकमेकांशी भांडणाऱ्या देशांतल्या तरुणांना आपसात बोलते करण्याचा त्यांचा उपक्रमही याच कुळीतला. १९१० च्या अनुक्रमणिकेशेजारी हे ठेवून पाहा. मुंबई प्रांतातली जागा इथेही आहे, दूरचा वर्गही आहे. फक्त चित्रात दिसणारा आणि चित्राशेजारी बोलणारा माणूस आता एकच आहे, आणि तो समोरच्याला प्रश्न विचारू शकतो. यासाठी लागलेले यंत्र गूगलच्या चष्म्यापेक्षा साधे होते.

दुसरा आक्षेप इथे येतो: स्थानिक माणूस म्हणजे सत्याचा ठेकेदार नव्हे. तोही पाहुण्यांना पडवी सारवून दाखवतो, गावातली भांडणे आणि उतरंड झाकतो. शिवाय त्याचे बोलणे तरी गाळणीतून येत नाही कशावरून? अगदी बरोबर. गोडसे भटजींचेच पाहा. चिंतामणराव वैद्यांनी छापताना त्यांच्या मजकुरात बदल केले, आणि मूळ बखर वाचकांच्या हाती येण्यासाठी दत्तो वामन पोतदारांच्या १९६६ च्या आवृत्तीची वाट पाहावी लागली. शिवाय भटजींच्या नजरेला झाशीतले भिक्षुक आणि दरबार जसे दिसले, तसे तिथले कोष्टी दिसणे शक्य नव्हते. पण यातून निघते ते एवढेच की एक स्थानिकही पुरेसा नाही. शुद्ध आवाज सापडेल अशी माझी अपेक्षा नाही. उलटतपासणीची सोय हवी, एवढेच मी म्हणतो. दोन सांगणारे असले आणि मुलाला विचारता आले, की झाकलेले निदान झाकलेले आहे असे कळते.

खरी सहल तरी कुठे निर्मळ असते, असेही विचारले जाते. अजिंठ्याला गाईड जे सांगेल ते मुले वहीत उतरवतात. वेरूळला तर बसमधून उतरण्यापूर्वीच माहिती घोकून झालेली असते. खरे आहे. पण खऱ्या सहलीत आखणीबाहेरचे खूप काही घुसते. टपरीवरचा चहावाला गाईडला हसतो, एखादी बाई फोटो काढू देत नाही, बस बंद पडते आणि दोन तास भलत्याच गावात जातात. मुलांना पुढे आठवते ते बहुधा हेच. छज्ज्यातल्या, काचेवरच्या आणि चष्म्यातल्या सहलींनी नेमके हे आगंतुक बाहेर ठेवले. जिवंत संवादात ते पुन्हा आत येतात: मागून कोंबडा आरवतो, कोणाची तरी आई दारातून डोकावते, एखादा मुलगा अवघड प्रश्न विचारून शिक्षकाची पंचाईत करतो. अशा वेळी आवाज म्यूट करण्याची जी सवय ऑनलाइन वर्गांनी लावली, ती या सहलीपुरती मोडायला हवी.

आपल्याकडे हे करून पाहायला आयती जागा आहे. राज्य मंडळाच्या २०१८ पासूनच्या दहावीच्या भूगोलात पहिला पाठ क्षेत्रभेटीवर आहे आणि पुढचे सगळे पुस्तक भारत आणि ब्राझील यांच्या तुलनेवर. क्षेत्रभेट जवळची आणि ब्राझील आलेखांतून, असा हा संसार. ब्राझीलमधल्या मुलांनी या पुस्तकातल्या ब्राझीलला काय म्हटले असते, हे आपल्या दहावीच्या कोणत्या वर्गाला विचारता आले आहे? अडचणी सांगितल्या जातील: वेळेचा फरक आणि भाषा. वेळेचा फरक रिओ किंवा साओ पाउलोशी साडेआठ तासांचा आहे. आपल्याकडे संध्याकाळचे पाच वाजतात तेव्हा तिथे सकाळचे साडेआठ, आणि तिथल्या बऱ्याच शाळा सकाळीच भरतात. भाषा पोर्तुगीज आहे, आणि ती येणारी माणसे शोधायला लिस्बनला जायचे कारण नाही. गोवा विद्यापीठात पोर्तुगीजचा विभाग आहे, गोव्यातल्या काही शाळांत ती शिकवली जाते. सावंतवाडीच्या किंवा कोल्हापूरच्या एखाद्या शाळेने पणजीतला एक दुभाषी गाठला आणि पाच वाजता वर्ग उघडा ठेवला, तर पाठ्यपुस्तकाच्या दोन प्रती समोर ठेवून दोन्हीकडच्या मुलांना ते पुस्तक तपासता येईल. भूगोलाच्या शिक्षकांनी या वर्षी निदान एका पाठापुरते हे करून पाहावे, आणि पहिला प्रश्न ब्राझीलच्या मुलांना विचारू द्यावा.